अपंगत्व असलेल्या मुलांची खेळणी : निवड, घरगुती बदल आणि नाशिकमधली सोय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी नाशिकमध्ये ऑक्युपेशनल थेरपी करते. थेरपीच्या खोलीत, शाळेच्या दारात आणि फोनवर पालक साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. तुमच्या मुलाचे डॉक्टर किंवा थेरपिस्ट यापेक्षा वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. त्यांनी मूल पाहिलंय.

मुलाला सीपी आहे. सीपीच्या मुलांसाठी कोणती खेळणी चांगली?

निदानाच्या नावावरून खेळणं ठरत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेलं एक मूल जिना चढतं, दुसऱ्याला मान धरणंसुद्धा कष्टाचं असतं. दोघांच्या फाइलवर शब्द मात्र तेच. दुकानात जाण्याआधी घरी एक संध्याकाळ नुसतं बघत बसा. अशी कोणती एक हालचाल आहे, जी मूल स्वतःहून आणि फारसं न थकता पुन्हा पुन्हा करतं? डावा हात आपटणं, मान एका बाजूला वळवणं, पायाने ढकलणं, काहीही चालेल. ते कशाकडे वळतं? कुकरची शिट्टी, पंखा, मोटरसायकलचा आवाज, आजीच्या बांगड्या? आणि हाताला लागलेली वस्तू तोंडात जाते का?

एवढं कळलं की निम्मी खरेदी झाली. त्या एका हालचालीने काहीतरी घडलं पाहिजे, आणि ते आपल्यामुळे घडलं हे मुलाला कळलं पाहिजे. आई बटण दाबते, कुत्रा नाचतो आणि मूल बघतं, तर तिथे खेळतेय ती आई. पुढची बहुतेक उत्तरं या एकाच मुद्द्याभोवती फिरतात, हे आधीच सांगते.

खोक्यावर '३ वर्षे व त्यापुढे' लिहिलंय. मुलगी नऊ वर्षांची आहे, पण डॉक्टर म्हणतात समज दोन वर्षांची. कोणतं वय धरायचं?

सुरक्षिततेसाठी एक वय, आवडीसाठी दुसरं.

मूल वस्तू तोंडात घालत असेल तर ते नऊ वर्षांचं असो की सोळा, तीन वर्षांखालच्या मुलांचे नियम लावा. लहान मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग ३१.७ मिलिमीटर रुंदीच्या एका नळकांड्यात टाकून तपासतात; भाग त्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकण्याच्या मापाचा समजतात. घरी पट्टीने मोजलंत तरी अंदाज येतो. मोठ्या मुलाचा जबडा आणि दात बळकट असतात, हेही लक्षात ठेवा. बाळाला न तुटणारं प्लास्टिक तो सहज तोडतो.

आवडीच्या बाबतीत मात्र खरं वय विसरू नका. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात खुळखुळा दिला की घरी आलेले पाहुणे त्याच्याशी बोबडं बोलायला लागतात. त्याला आवाज करणारंच काही हवं असेल तर डफ द्या, हलगी द्या, माइक द्या. कोडी जोडायला आवडत असतील तर मोठे तुकडे ठेवा, पण चित्र क्रिकेटपटूचं किंवा एसटीचं घ्या. एखादा चांगला फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, चार-सहा तुकडे कापून असं कोडं घरीच होतं.

बटण दाबायला जमत नाही. 'स्विच लावलेली' खेळणी म्हणतात ती काय असतात? घरी करता येतात का?

येतात, आणि माझ्या मते याच एका कामात पालकांनी थोडी खटपट करावी. बाहेरून मागवलेलं असं खेळणं फार महाग पडतं. आत गुंतागुंत काहीच नसते.

खेळण्याचं बारीक बटण मुलाला दाबता येत नाही, म्हणून वायरने जोडलेला मोठा स्विच त्याच्या सोयीच्या जागी ठेवायचा, एवढीच कल्पना. तो हाताजवळ, डोक्याच्या बाजूला किंवा पायाखाली, कुठेही बसतो. सगळ्यात सोपी पद्धत पेन्सिल सेलवर चालणाऱ्या आणि सरकवायचं चालू-बंद बटण असलेल्या खेळण्यांसाठी आहे. चालणारा कुत्रा, फुगे सोडणारं यंत्र, रुळांवरची आगगाडी अशी ही खेळणी असतात.

तांब्याच्या पातळ पत्र्याच्या दोन चकत्या कापा, सेलच्या तोंडापेक्षा किंचित लहान. भांडी बाजारात असा पत्रा सहज मिळतो. दोन चकत्यांच्या मध्ये जुन्या प्लास्टिक फाइलचा तुकडा चिकटवा, म्हणजे त्या एकमेकींना लागणार नाहीत. प्रत्येक चकतीला एकेक बारीक वायर सोल्डर करा आणि वायरींच्या दुसऱ्या टोकांना ३.५ मिलिमीटरचं मोनो सॉकेट लावा. ही दुहेरी चकती सेल आणि त्याच्या पट्टीच्या मध्ये सरकवायची. सेलच्या झाकणाला वायरीपुरती खाच पाडायची. खेळण्याचं स्वतःचं बटण कायम चालू ठेवायचं. आता वीजप्रवाह चकतीपाशी अडलेला असतो. बाहेरचा स्विच दाबला की तो पूर्ण होतो आणि कुत्रा चालायला लागतो.

बाहेरचा स्विच म्हणून दाराच्या घंटीचा बेल पुश उत्तम. कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. घेताना करंगळीने दाबून बघा, काही फार कडक असतात. प्लायवूडच्या तुकड्यावर पक्का बसवा, वर रुंद कडक झाकण लावून दाबायची जागा मोठी करा आणि त्याच्या वायरीला मोनो पिन लावा. सॉकेट आणि पिन वापरायचा फायदा असा की तोच स्विच उद्या दुसऱ्या खेळण्याला लागतो.

एकदा बटण दाबलं की गाणं सुरू होणाऱ्या खेळण्यांना ही चकती चालत नाही. त्यांच्या आतल्या सर्किटला बटणाची खूण लागते. नुसती वीज तोडून जोडली तर ते सुरुवातीच्या स्थितीत जाऊन बसतं. तिथे खेळणं उघडून मूळ बटणाच्या दोन टोकांना दोन वायरी सोल्डर कराव्या लागतात. एम.जी. रोडवर प्रधान पार्कच्या आसपास मोबाईल दुरुस्त करणाऱ्या कुणालाही हे काम अवघड नाही. सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकणारा एखादा मुलगा ओळखीत असेल तर तो आनंदाने करतो. त्याला 'बटणाला समांतर सॉकेट लाव' एवढं सांगितलं की पुरतं.

भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या किंवा आत चार्जिंगची बॅटरी असलेल्या खेळण्याला घरी हात लावू नका. आणि वायर मुलाच्या मानेजवळून नेऊ नका.

स्विच लावला, पण मुलगा दाबतच नाही. फुकट गेलं का?

बहुतेकदा आपणच घाई करतो. 'दाब, दाब ना, हे बघ असं' अशी सरबत्ती सुरू असते आणि मुलाचा मेंदू अजून पहिल्याच वाक्यावर असतो. एकदा दाखवा, मग मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजा. तोंड बंद. काही मुलांना ठरवलेली हालचाल प्रत्यक्ष करायला खरोखर इतका वेळ लागतो.

जागाही बदलून पाहा. हात समोर आणायला जमत नसेल तर स्विच कोपराजवळ, गुडघ्याजवळ किंवा गालाच्या बाजूला ठेवा. दाबून ठेवणं जमत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात छोटा टायमर रिले मिळतो, त्याने एका टिचकीवर खेळणं काही सेकंद चालतं.

समजलंय की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. दोन-चार दिवस खेळल्यावर गुपचूप सेल काढून टाका. मूल स्विच दाबून खेळण्याकडे बघतं, पुन्हा दाबतं, मग तुमच्याकडे बघतं. तेव्हा समजा त्याला सगळं कळलंय आणि त्याची तक्रार रास्त आहे. लगेच सेल घाला.

हातातून खेळणं सारखं पडतं, घरंगळतं. धरताच येत नाही.

आधी मूल बसलंय कसं ते बघा. पाय लोंबकळत असतील आणि कंबर घसरत असेल तर मुलाची सगळी ताकद न पडण्यात जाते, खेळायला काही उरत नाही. पावलं पाटावर टेकलेली, कंबर मागे टेकलेली, समोरचा पृष्ठभाग कोपराच्या उंचीला. पाठीला आधार हवा असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात दोन बाजूंनी उशा लावून बसवता येतं. नाशिककरांना द्राक्षाची खोकी काही दुर्मीळ नाहीत. त्यातलं जाड पुठ्ठ्याचं खोकं उलटं करून, पायांसाठी कमान कापली की मांडीवरचं टेबल तयार.

मग खेळणं एका जागी थांबवा. स्वयंपाकघरातल्या कप्प्यांत अंथरतात ती रबरी जाळी खाली घातली की वस्तू सरकत नाही. परात तर अजूनच उपयोगी: काठ असल्यामुळे गाडी किंवा चेंडू बाहेर जात नाही, शिवाय आवाजही छान येतो. एकच हात चालणाऱ्या मुलासाठी ठोकळ्यांचा पाया वेलक्रोने टेबलाला चिकटवा, म्हणजे दुसऱ्या हाताचं धरून ठेवायचं काम वाचतं. तरीही तो दुसरा हात टेबलावर, डोळ्यांसमोर राहू द्या.

मूठ नीट मिटत नसेल तर पकड जाड करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोमचा पाइप ब्रशवर, खडूवर, ढोलाच्या काठीवर बसतो. लाकडी कोड्याच्या तुकड्यांना ड्रॉवरच्या मुठी स्क्रूने लावा, किंवा एम-सीलचे गोळे बसवून एक दिवस पूर्ण वाळू द्या. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणाऱ्या आजाराच्या) मुलांसाठी नियम वेगळा आहे. त्यांना जड खेळणी देऊन 'ताकद वाढवायची' नसते. हलकं द्या आणि दमायच्या आत थांबा.

मुलगी पूर्ण अंध आहे. आवाज करणारी खेळणी सोडून काय आणायचं?

प्लास्टिकचं सफरचंद आणि प्लास्टिकचा आंबा डोळस मुलाला वेगळे वाटतात, रंगामुळे. हाताला दोन्ही गुळगुळीत प्लास्टिकच. वास नाही, देठ नाही, वजन नाही. अंध मुलीसाठी खऱ्या वस्तू हीच पहिली खेळणी: रवी, झारा, चाळणी, पत्र्याचा डबा आणि त्याचं झाकण, नारळाची करवंटी, कंगवा. भातुकली घ्यायची तर पितळी किंवा स्टीलची घ्या. तिला गारवा असतो, ती वाजते आणि तिच्यातल्या तांब्याचा आकार खऱ्या तांब्यासारखाच असतो.

लहान बाळासाठी डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी 'छोटी खोली' नावाची युक्ती काढली. तीन बाजू आणि छत असलेल्या खोक्यात बाळाला उताणं ठेवायचं आणि छतापासून चमचे, चाव्यांचा जुडगा, ब्रश, लाकडी मणी आखूड इलॅस्टिकने लोंबकळत सोडायचे. हात हलला की काहीतरी लागतं, वाजतं आणि सुटलं तरी त्याच जागी परत येतं. पडलेली वस्तू अंध बाळाच्या लेखी जगातूनच नाहीशी होते, त्यामुळे हे परत येणं फार मोलाचं. दोऱ्या आखूडच ठेवा आणि बाळाला तिथे एकटं सोडून जाऊ नका.

वस्तू दाखवताना तिचे हात धरून ओढू नका. तुमचा हात वस्तूवर ठेवा आणि तिचा हात तुमच्या हातावर येऊ द्या. धीर आला की ती स्वतः पुढे सरकते. चेंडू हवाच असेल तर अंधांच्या क्रिकेटचा घ्या. तो कडक प्लास्टिकचा असतो, आत छर्रे असतात, आणि गोलंदाजी खांद्याखालून, जमिनीलगत करायची असते, म्हणजे तो येताना ऐकू येतो. सहा अंड्यांचा ट्रे आणि सहा लिंबं घेतली की ब्रेलची सहा टिंबांची चौकट खेळता खेळता हाताखाली येते. सातपूरला नॅबच्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या अंधांसाठीच्या संस्थेच्या) महाराष्ट्र शाखेचं कार्यालय आहे. ब्रेल आणि अंध मुलांच्या साहित्याची चौकशी तिथे करा.

थोडं दिसत असेल तर गणित बदलतं. काळ्या चादरीवर एकच पिवळं किंवा लाल खेळणं ठेवा. फुलाफुलांच्या गालिच्यावर दहा खेळणी पसरली तर तिला त्यातलं एकही दिसत नाही. डोळे ठीक पण मेंदूतल्या कारणाने दृष्टी कमी असलेल्या बऱ्याच मुलांना स्थिर वस्तूपेक्षा हलणारी वस्तू लवकर सापडते, आणि तिच्याकडे वळायलाही वेळ लागतो. इथेही दहापर्यंत मोजा.

आणि कर्णबधिर मुलासाठी?

जवळजवळ सगळीच खेळणी चालतात. कंप जाणवणारी (ढोल, ताशा, उलटा डबा) आणि उजेड देणारी जास्त आवडतात. पण खेळण्यापेक्षा समोर बसून हावभाव, खुणा आणि बोलणं करणारा माणूस महत्त्वाचा. बाहुल्या आणि भातुकली त्यासाठी उत्तम. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) असेल तर चुंबकाची खेळणी डोक्यापासून लांब ठेवा. मशीन काढून खेळायचं की घालून, हे ऑडिओलॉजिस्टला विचारा.

मुलगा ऑटिस्टिक आहे. गाड्या चालवत नाही, फक्त ओळीत लावतो. थांबवायचं का?

का थांबवायचं? त्याला त्यात रस आहे, क्रम दिसतोय, शांत वाटतंय. त्याचा तो खेळ आहे. गाडी 'व्हुर्रर' करतच चालवली पाहिजे हा आपला हट्ट.

तुम्हाला त्याच्या खेळात शिरायचं असेल तर शेजारी तुमचीही एक ओळ लावा. काही दिवसांनी त्याला पुढची गाडी तुम्ही द्या. त्याने ती घेतली तर दोघांचा खेळ सुरू झाला. उठून गेला तर आज नको म्हणाला, एवढंच. ओळीच्या शेवटी पुठ्ठ्याचं 'सीबीएस'चं (नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकाचं) स्टँड ठेवून बघा. कधी कधी गाड्या तिथे थांबायला लागतात आणि पहिल्यांदाच गोष्ट तयार होते.

आवाज सहन होत नसेल तर खेळण्याच्या स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. सतत काहीतरी चावायला लागत असेल तर चावण्यासाठीच बनवलेलं सिलिकॉनचं खेळणं द्या, नाहीतर शर्टची कॉलर आणि पेन्सिल आहेतच. तांदूळ, बाजरी, मूग भरलेली परात अनेक मुलांना आवडते, पण तोंडात किंवा नाकात दाणे घालणाऱ्यांना नको. हरभरा, वाटाणा नाकात जाऊन फुगतो आणि मग ईएनटीकडे पळावं लागतं. त्यांच्यासाठी मिठाविना मळलेला कणकेचा गोळा बरा, तोही त्याच दिवशी टाकून द्यायचा.

वजनदार उशा आणि जॅकेटं सध्या सर्रास विकली जातात. थेरपिस्टने वजन ठरवून दिल्याशिवाय घेऊ नका आणि झोपलेल्या मुलावर ठेवू नका.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीला ट्रॅम्पोलिन आणलं तर?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डाऊन सिंड्रोममध्ये काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात; उड्या आणि कोलांटउड्या त्यांना धोक्याच्या. हृदयाची तपासणीही झालेली हवी. तोवर ढकलगाडी, चेंडू, नाच, पाणी. ही मुलं बघून पटकन शिकतात, त्यामुळे नक्कल करायचे खेळ त्यांना फार आवडतात.

खेळणी घेताना धोके कोणते बघायचे?

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालाला यातून सूट आहे. बुधवारच्या गोदाघाटावरच्या बाजारात किंवा मेन रोडच्या फुटपाथवर चिन्ह नसलेला माल भरपूर दिसतो. मी तिथून काहीच घेऊ नका असं म्हणणार नाही. लाकडी भोवरा, कापडी बाहुली घ्या. सेलवर चालणारं आणि रंगाचे पोपडे उडालेलं घेऊ नका.

सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे नाण्यासारखा चपटा सेल. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. ज्या खेळण्याच्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते घरात नको. बोलता न येणारं मूल 'मी गिळलं' असं सांगणार नाही. सेल सापडत नसेल आणि मूल लाळ गाळत असेल, गिळायला त्रास होत असेल, तर उलटी करवू नका. थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. छोट्या चुंबकांचंही तसंच. दोन गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांना चिमटा घेतात.

स्पायना बिफिडाच्या (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेल्या) मुलांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे रबराची, अ‍ॅलर्जी बरीच आढळते. त्यांच्या वाढदिवसाला रबरी फुगे लावू नका. चंदेरी फॉइलचे लावा. पायाला संवेदना नसलेल्या मुलांना घसरगुंडीवर, उन्हात तापलेल्या पत्र्यावर बसवण्याआधी हात लावून बघा. त्यांना चटका बसलेला कळत नाही.

फीट येणाऱ्या मुलासाठी भराभर उघडझाप करणारे दिवे टाळा. सगळ्यांनाच त्याने आकडी येते असं नाही, पण आपल्या मुलाला येते हे खेळणं विकत आणल्यावर कळावं, असं होऊ नये.

भावंडं, चुलत भावंडं खेळत असतात आणि हा कडेला बसून राहतो. त्याला कसं घ्यायचं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा आहे, कारण आपले जुने खेळ बदलायला फार सोपे आहेत.

पत्ते हातात धरता येत नसतील तर कपड्यांचा ब्रश उलटा ठेवा. केसांत पत्ते उभे राहतात आणि पलीकडच्याला दिसत नाहीत. सापशिडीचा फासा झाकणाच्या पारदर्शक डब्यात घाला, डबा हलवला की झालं. सोंगट्यांना एम-सीलने उंच मुठी करा. कॅरमला स्ट्रायकर मारता येत नसेल तर पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ करा, एक टोक उंच ठेवा आणि मुलाला फक्त स्ट्रायकर सोडू द्या. दिशा तो डोळ्यांनी सांगेल, पन्हळ भाऊ फिरवेल. हे दया म्हणून केलेलं काही नव्हे. बोचिया हा खेळ अशाच उतरणीवरून चेंडू सोडून खेळतात आणि तो १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. तीच पन्हळ लगोरीला आणि गोट्यांनाही चालते.

संक्रांतीला नाशिक-येवल्याकडे गच्चीवर कोण नसतं? व्हीलचेअरवरच्या मुलाला पतंग उडवता आला नाही तरी आसारी (मांजाची फिरकी) त्याच्याकडे द्या. खुर्चीच्या दोन हातांना कड्या बांधून आसारीचा दांडा त्यात अडकवला की एका हातानेही ती फिरते. आणि आसारी धरणाऱ्याशिवाय पतंग उडवणाऱ्याचं काही चालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मांजा साधा सुतीच, नायलॉनचा नाही. त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

एक नियम घरातल्या मोठ्यांसाठी: त्याला मुद्दाम जिंकवू नका. भावंडांना ते कळतं आणि त्यालाही.

सगळं फेकतो. घरचे म्हणतात याला खेळणी देऊच नका.

फेकणं कधी कधी त्याला जमणारी एकमेव गोष्ट असते, आणि तिचा परिणाम जोरदार होतो: आवाज येतो, आजी धावत येते. मग फेकण्यालाच खेळ करा. मोज्यांचे गोळे आणि एक बादली. काही मुलांना वस्तू सोडणंच जमत नसतं, आणि ती फेकायला लागली तर ते पुढचं पाऊल असतं. खेळणी एकावेळी दोन-तीनच बाहेर ठेवा, बाकीची डब्यात बंद, आठवड्याने बदला.

मोबाईल किंवा टॅब चालेल?

हात कमी चालणाऱ्या मुलाला एका स्पर्शात चित्र काढता येणं, गाणं लावता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि न बोलणाऱ्या मुलासाठी टॅब हा आवाज होऊ शकतो. तो टॅब करमणुकीचा समजून काढून घेऊ नका. जेवताना गप्प बसवण्यासाठी लावलेली कार्टून ही वेगळी गोष्ट, तिला खेळ म्हणायचं कारण नाही.

पावसाळ्यात कापडी खेळण्यांना बुरशी येते. लाळही खूप गळते.

कापडी खेळणी दोन-तीनच ठेवा, धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा. प्लास्टिकची साबणाने धुवा. स्विच आणि सेलचे डबे पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. स्विचवर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून चिकटपट्टीने घट्ट बांधली तर लाळ आत जात नाही.

सरकारी मदत मिळते का? नाशिकमध्ये कुठे विचारायचं?

लहान बाळ असेल तर आधी सिव्हिलला जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे, तिथे तपासणी आणि थेरपीची विचारणा करा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून शैक्षणिक साहित्याचं किट मिळतं, ज्यात खेळण्यांसारख्या वस्तू असतात. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर ते आधी काढा, पुढचे सगळे अर्ज त्यावर चालतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव असेल तर समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक कोण आहेत ते मुख्याध्यापकांना विचारा.

शहरात जुन्या, अनुभवी संस्था आहेत. रजनी लिमये यांनी १९७७ साली सुरू केलेली प्रबोधिनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते. कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे. नॅबचा उल्लेख वर आलाच. खेळण्यांबद्दल विचारायला जाताना मुलाला सोबत न्या, किंवा निदान खेळतानाचा छोटा व्हिडिओ न्या. नुसत्या फाइलवरून कुणीच नीट सांगू शकत नाही.

आपण पालकांनी मिळून खेळणी वाटून वापरली तर?

जरूर. १९६३ मध्ये स्टॉकहोमला अपंगत्व असलेल्या मुलांच्या दोन आयांनी 'लेकोटेक' नावाची खेळण्यांची लायब्ररी सुरू केली, तिचं अनुकरण पुढे अनेक देशांत झालं. सिडकोतल्या एखाद्या सोसायटीच्या कपाटातही ती सुरू होऊ शकते. स्विचवाली खेळणी अशा देवाणघेवाणीला सगळ्यात योग्य, कारण मूल त्यांना काही आठवड्यांत कंटाळतं आणि स्विच मात्र तोच राहतो.

खेळणं पुढच्या घरी देताना सेल काढा, साबणाने धुवा, सुटे भाग मोजून पिशवीत घाला. त्याला काय बदल केलाय, कोणती पिन लागते आणि मूळ बटण चालू ठेवायचं की बंद, हे कागदावर लिहून आत टाका. तो कागद नसला की चांगलं चालणारं खेळणं 'बिघडलंय' म्हणून माळ्यावर जातं.